डेअरीतलं मामाचं बिऱ्हाड

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीत टँकर आला तेव्हा मी खोलीत नोट्स उतरवत बसले होते. बीडमध्ये टँकर आला की आधी पाण्याचा आवाज येत नाही, बायकांचा येतो. मग घागरींचा. माझी रूममेट ज्योती हंडा घेऊन खाली पळाली आणि तिचा मोबाईल कॉटवर तसाच चालू राहिला. त्यातून पेटीचे चार सूर वाजले आणि मग ताटावर चमचा वाजवल्यासारखे तीन ठोके. माझं पेन थांबलं. मला एकदम दुधाचा वास आला. ताज्या दुधाचा नाही, पुरेशा पाण्यानं न धुतलेल्या ॲल्युमिनियमच्या कॅनला चिकटून राहिलेल्या दुधाचा.

ते 'मामाचं बिऱ्हाड'चं शीर्षकगीत होतं. मी नववीत असताना, ज्या वर्षी आमच्याकडं लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला, त्या वर्षी ही मालिका रोज संध्याकाळी सातला लागायची. आता तिचे जुने भाग मोबाईलवर बघता येतात. ज्योती परळीची आहे. ती म्हणते, आमच्याकडं बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राची राख पडते, म्हणून आम्ही घरात बसून मालिका बघतच मोठे झालो. तिला ती जेवताना बघायला आवडते. मला ती का आवडते हे सांगणं जरा अवघड आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, आणि इथं मालिकांबद्दल कौतुकानं बोललं की मुलं हसतात. तरी लिहून बघते.

त्याआधी 'आठ ताटांचं घर' नावाची मालिका होती. एका घरात आठ माणसं, आणि घरातल्या मोठ्या बाईचा भाऊ दोन दिवसांसाठी म्हणून कापडी पिशवी घेऊन येतो तो राहतोच. ताटं वाढली की हा दारात हजर. नववं ताट कुठून आणायचं यावर अख्खा भाग निघायचा. मामा कोपऱ्यात जाऊन बायकोला फोनवर सांगायचा, "हो गं, निघतोच." ती बायको कधीच दिसली नाही. हा मामा लोकांना इतका आवडला की ती मालिका संपल्यावर त्याला त्याची स्वतःची मालिका मिळाली. त्याचं घर, त्याची बायको, त्याचे सासरे. याला इंग्रजीत 'स्पिन-ऑफ' म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. आमच्या गावानं मात्र पहिल्याच दिवशी त्याला नाव दिलं होतं. लोक म्हणाले, "मामा येगळा निघाला."

आमच्या घरात त्या वर्षी हा शब्द हलका नव्हता. दिवाळीनंतर दादा, म्हणजे माझे वडील, आणि नाना, म्हणजे माझे चुलते, वेगळे निघाले होते. भांडण पाण्यावरून झालं. नाना म्हणत बोअर घ्यायचा, दादा म्हणत विहीर खोल करायची. शेवटी दोन्ही केलं आणि दोन्हींत पाणी लागलं नाही, पण तोवर बोलून झालं होतं. अंगणात मधोमध पत्रे उभे राहिले. म्हैस आमच्याकडं आली, गाय नानांकडं गेली. टीव्ही काकूच्या लग्नातला, म्हणून तो पत्र्याच्या पलीकडं गेला. बैलजोडी तेवढी राहिली. जोडी कुणी फोडत नाही. त्यामुळं साखर कारखान्याच्या बंद पडलेल्या यार्डात जनावरांची छावणी सुरू झाली तेव्हा जोडी घेऊन दोघा भावांना एकत्रच जावं लागलं. उसाच्या गाड्या जिथं उभ्या राहायच्या तिथं आता जनावरं उभी होती. तिथून येणारे सांगायचे, दोघं एकाच पुडीतली तंबाखू खातात, पण बोलत नाहीत. पुडी मध्ये ठेवतात.

घरी राहिल्या आई आणि काकू. पत्र्याच्या दोन बाजूंना.

वेगळं निघण्याआधी या दोघी भाकरी करता करता 'आठ ताटांचं घर' बघायच्या. आई थापायची, काकू भाजायची. मामा दारात आला की दोघींची एकदम नजर वर जायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. नाना करपलेली भाकरी उचलून म्हणायचे, "ही मामाची दिसती." वेगळ्या चुली झाल्यावर आईला थापणं आणि भाजणं दोन्ही एकटीला करावं लागायचं. टीव्ही समोर नव्हता, तरी तिच्या भाकरी त्या वर्षी जास्त करपल्या.

त्या वर्षी सात वाजता गावात लाइट नसायची. काकूकडं टीव्ही होता तरी तो नुसता कपडा घालून ठेवलेला असायचा. गावात त्या वेळी चालणारा टीव्ही एकच, दूध सोसायटीच्या डेअरीतला. जनावरांच्या रोगांची माहिती दाखवायला म्हणून तो दूध संघानं दिलेला. दुधाचं फॅट मोजायच्या मशीनसाठी डेअरीत मोठी बॅटरी होती, तिच्यावर तो चालायचा. सेक्रेटरींचा नियम साधा होता. ज्यानं दूध घातलं त्यानं बसायचं. ज्यानं घातलं नाही त्यानं दारातूनसुद्धा बघायचं नाही, कारण दारात गर्दी झाली की किटल्या सांडतात.

म्हणून त्या उन्हाळ्यात गावातली माणसं पावशेर दूधसुद्धा घेऊन यायची. मोठी किटली, आणि तळाला बोटभर दूध. सेक्रेटरी मापात ओतून, वहीत त्या घराच्या नंबरापुढं लिहायच्या आधी म्हणायचे, "बाप्पा, हे दूध हाय का दुधाची आठवन?" सखाराम बाप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले म्हातारे मेंढपाळ. मेंढ्या दूर चरायला गेलेल्या, घरी एक शेळी राहिली होती. ते पुढच्या रांगेत पोत्यावर मांडी घालून बसत आणि म्हणत, "लिव्ह बे, गुमान. मामा चालू होईल." एकदा कुणीतरी कुणावर तरी दुधात पाणी घातल्याचा आरोप केला, तर अख्खी डेअरी हसली. पाणी घालायला पाणी तर पाहिजे! त्या वर्षी आमच्या गावाचं दूध पूर्वी कधी नव्हतं इतकं निर्मळ होतं.

पहिल्या भागाची संध्याकाळ मला लख्ख आठवते. सगळ्यांना एकाच गोष्टीची उत्सुकता होती, की मामाची बायको कशी असेल. फोनवरच्या "हो गं, निघतोच"वरून प्रत्येकानं तिला आपापल्या मनात उभं केलं होतं. बाप्पांच्या मते ती धिप्पाड असणार, कुंकू रुपयाएवढं, आवाज दोन शेतं ओलांडून जाणारा. मामा पिशवी घेऊन स्वतःच्या दारात उभा राहिला. दार वाजवलं. आतून एक बारकी, चष्मा लावलेली, केस घट्ट बांधलेली बाई आली. तिनं मामाकडं बघितलं, मग पिशवीकडं बघितलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पिशवी धुवायला टाकू, का लगेच जायचंय?"

बाप्पांनी मांडीवर हात मारला. "ही बाई कुठून धुंडून आनली रे ह्यांनी! लई बराबर आनली!"

मलाही तेच वाटलं होतं, फक्त मला ते असं मोकळेपणानं म्हणता आलं नसतं. ती बाई इतकी अनपेक्षित होती आणि तरीही दोन मिनिटांत वाटलं की मामाला हीच बायको असणार, दुसरी असूच शकत नाही. असा मोठ्या तोंडाचा माणूस अशाच हळू आवाजाला घाबरून बहिणीकडं पळत असणार. सासऱ्यांचं काम करणारे आजोबा तर एका भागात दोनच वाक्यं बोलायचे, पण मामा खोटं बोलायला लागला की ते पेपरची घडी घालायचे, आणि त्या घडीवर आम्ही हसायचो. मामाची मुलगी दहा-बारा वर्षांची होती. तिचे पुढचे दात जरा बाहेर, हुबेहूब मामासारखे. ते दात बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की हे कुणीतरी बसून ठरवलं असेल. एका खोलीत बसून कुणीतरी म्हणालं असेल, ही ह्याची मुलगी शोभेल, हा हिचा नवरा. मी शेवटी पळणाऱ्या नावांत ते काम शोधायचे. सेक्रेटरी नावं येताच टीव्ही बंद करत, बॅटरी वाचवायला. त्यामुळं ते नाव मला कधी वाचता आलं नाही.

घरी येताना मी आमच्या घरातल्या माणसांचा विचार करायचे. आई जरा उंच, बोलायला तुटक. काकू ठेंगणी आणि बोलायला लागली की थांबत नाही. दोन वेगळ्या गावांच्या मुली एकाच चुलीपुढं येऊन बसल्या. कुणी मुद्दाम शोधायला गेलं असतं तरी अशी जोडी सापडली नसती. पण आता काकू डेअरीत डाव्या भिंतीला बसायची आणि आई उजव्या. मध्ये सगळं गाव. मामा काही बोलला की दोघी एकाच क्षणी हसायच्या, आणि हसू संपायच्या आत दोघींना आठवायचं. मग दोघी टीव्हीकडंच बघत राहायच्या.

त्या दिवसांतलं आणखी एक सांगायला हवं. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि आला की पाईप टाकायची झुंबड उडायची. आम्ही दोघी होतो. मी टँकरवर चढून पाईप धरायचे, आई खाली टिपाड सांभाळायची. काकू एकटी होती, कडेवर दोन वर्षांचा गोट्या. तिचा पाईप नेहमी कुणाच्या तरी पायाखाली यायचा. तिचं टिपाड कधी अर्ध्याच्या वर गेलं नाही. आई ते बघायची. घरी येऊन आमच्या टिपाडावर झाकण ठेवताना ते जरा जास्त आपटायची.

मग आमची म्हैस आटली. आधी तांब्याभर, मग वाटीभर, मग एके दिवशी आई नुसती किटली घेऊन गोठ्यातून परत आली. छावणीत तिची नोंद व्हायला आठवडा होता. त्या संध्याकाळी आई डेअरीत गेली नाही.

"चल की," मी म्हणाले. "सेक्रेटरी काय हाकलून देत्यात का?"

"दूध नसताना कशाला जायचं? आन मला न्हाई बघायचं ते."

पण सात वाजता डेअरीतून ते तीन ठोके ऐकू आले की तिचा हात पिठात थांबायचा. चार दिवस असं झालं. आणि त्याच आठवड्यात मालिकेत ती गोष्ट येणार होती जिची सगळं गाव वाट बघत होतं. 'आठ ताटांच्या घरा'तली ताई, मामाची ती मोठी बहीण, पहिल्यांदा मामाच्या बिऱ्हाडी येणार होती. जिच्या घरी मामा वर्षानुवर्षं जेवला, ती पिशवी घेऊन त्याच्या दारात उभी राहणार होती. मामाची बायको तिला काय म्हणेल यावर डेअरीत दोन तट पडले होते. पाण्याला बायका आईलाही विचारायच्या, तुला काय वाटतं? आई म्हणायची, "मला काय म्हाईत. मी बघत न्हाई." आणि कळशी उचलायची.

त्या दिवशी साडेसहाला पत्र्याच्या फटीतून काकूनं मला हाक मारली. हातात दोन किटल्या होत्या. एक तिची. दुसरी माझ्याकडं सरकवत ती हळूच म्हणाली, "आशे, ही तुमच्या नंबरावर टाक. आक्काला सांगू नको. नंबर चालू ऱ्हायला पायजे. पुन्ना बघू म्हैस व्याल्यावर."

काकू आईला आक्का म्हणायची. किटली कोमट होती. मी ती घेतली आणि आईला न सांगता गेले. मला वाटलं, किती सोपं आहे.

मशीनचा विचार आम्हा दोघींच्याही डोक्यात आला नाही. सेक्रेटरींनी नमुना लावला. आकडा आला. आमच्या नंबरापुढं म्हैस लिहिलेली, तिचं फॅट सातच्या खाली कधी आलं नव्हतं. मशीन साडेतीन दाखवत होतं. सेक्रेटरींनी पुन्हा लावला. पुन्हा साडेतीन. त्यांनी चष्मा वर केला.

"आशे, तुमची म्हैस आटली का गाय झाली?"

सगळी डेअरी माझ्याकडं बघायला लागली. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा डाव्या भिंतीकडं गेल्या. तिथं काकू बसली होती. रोज तिची किटली गळ्यापर्यंत भरलेली असायची, त्या दिवशी मापात निम्मीच भरली होती. आता ती बंद टीव्हीकडं असं बघत होती जसं काही त्यात चालू आहे. तिचे कान लाल झाले होते. दुसऱ्याचं दूध आपल्या नंबरावर घालणं सोसायटीच्या नियमात बसत नव्हतं. माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

बाप्पा म्हणाले, "लिव्ह की बे. दुष्काळात म्हशीनं काय द्यायचं ते म्हशीला ठरवू दे."

कुणी हसलं नाही. सेक्रेटरींनी पेन हातात धरलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग म्हणाले, "मिश्र लिवतो. पन नियम म्हंजी नियम. ज्याच्या नंबरावर दूध त्यानंच बसायचं. पोरीनं न्हाई चालायचं. जा, आईला बोलाव. सात वाजायला आले."

मी पळाले. आई चुलीपुढं होती. सांगावं लागलं, सगळं. काकूचं नाव ऐकल्यावर ती उठून उभी राहिली. "तिचं दूध घेतलंस? गावासमोर?"

"तिनंच दिलं."

"ती काय म्हनली?"

"नंबर चालू ऱ्हायला पायजे, म्हनली."

आईनं हात पुसले. मग एकदम म्हणाली, "आन गोट्याला काय ठिवलं तिनं? सगळं तर वाटून टाकलं." डेअरीतून ठोके वाजले. मालिका चालू झाली होती. मी म्हणाले, "आई, चल ना." तिनं माझ्या हातातली काकूची रिकामी किटली घेतली, आतून बघितली आणि म्हणाली, "आलेलं भांडं रिकामं कसं धाडायचं?"

आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर साखर, चार शेंगा, काहीतरी घालतात. आईनं घरभर नजर फिरवली. मग टिपाडावरचं झाकण काढलं, तळापर्यंत वाकली आणि ती किटली काठोकाठ पाण्यानं भरली. वरून स्वच्छ फडकं बांधलं.

आम्ही डेअरीत पोहोचलो तेव्हा जाहिराती चालू होत्या. मुख्य प्रसंग हुकला होता. सेक्रेटरींनी सवयीनं किटली हातात घेतली, फडकं बाजूला केलं आणि आत बघत राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "दुधात पानी लई येळा पकडलं. नुसतंच पानी पयल्यांदा आलं."

त्यावर मात्र सगळे हसले. आईसुद्धा हसू दाबत होती. ती उजव्या भिंतीकडं गेली नाही. लोकांच्या मधून वाट काढत डाव्या भिंतीला गेली, किटली काकूच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्या शेजारी बसली. दोघी टीव्हीकडं बघत होत्या. टीव्हीवर साबण चालू होता. पाच महिने दोघींमध्ये एक शब्द झाला नव्हता. आता काय होतंय हे सगळ्या डेअरीला कळत होतं, आणि सगळी डेअरी मन लावून साबणाची जाहिरात बघत होती.

काकूनं मान न वळवता म्हटलं, "ताई आली मगाशी."

आईनं विचारलं, "मंग?"

"पिशवी हातातच हाय अजून. दारात उभी. आत पाऊल टाकंना."

"मंग मामाची बायको काय म्हनली?"

काकूनं पुढ्यातल्या किटलीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "ती म्हनली, दारात का उभ्या आक्का, घर तुमचंच हाय."

आईनं पदर तोंडाला लावला. जाहिराती संपल्या. मामा ताईसमोर ताट वाढायला गेला आणि पडला. आजोबांनी पेपरची घडी घातली. डेअरी खो-खो हसत होती आणि आई हसता हसता डोळे पुसत होती, पण त्या भागात बऱ्याच जणांनी डोळे पुसले, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

पत्रे काही निघाले नाहीत. चुली अजूनही दोन आहेत. पण पुढच्या टँकरला आमचा पाईप आधी काकूच्या टिपाडात गेला आणि मी वर उभी राहून तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. पावसाळ्यात दादा आणि नाना जोडी घेऊन परत आले तेव्हा या दोघी पत्र्याला एक खिडकी पाडून बसल्या होत्या. दादा म्हणाले, "हे काय?" आई म्हणाली, "हवा येती."

परवा ज्योती पाणी घेऊन वर आली तेव्हा मी तिच्या मोबाईलवर तो भाग शोधत होते. ताई मामाकडं येते तो. मी तो कधीच सुरुवातीपासून बघितला नव्हता. सापडला. दार वाजतं. ती चष्म्याची बारकी बाई दार उघडते. ताई पिशवी घेऊन उभी आहे. मी आवाज वाढवला. मामाची बायको तिच्याकडं बघते, पिशवीकडं बघते आणि म्हणते, "धुवायला टाकू?" बस. मग दोघी हसतात आणि आत जातात.

मी मागं नेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. ज्योतीनं विचारलं, "काय शोधतीस इतकं?"

मी गच्चीत जाऊन घरी फोन लावला. काकूनं उचलला.

"काकू, तो ताईचा भाग बघितला आज. तू आईला सांगितलेलं वाक्य त्यात नाहीच."

"कोन्तं?"

"दारात का उभ्या आक्का, घर तुमचंच हाय."

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाली, "न्हाई? मग कुठं गेलं? कापलं आसंल मोबाईलवाल्यानं. तुमच्याकडं पानी येतं का रोज?"

मागून आईचा आवाज आला, "कोन हाय?"

"आशी हाय. म्हनती, ताई दारात आली तवा कोनी तसं म्हनलंच न्हाई."

"आसं कसं," आई म्हणाली. "मी माझ्या कानानं ऐकलंय."